तालीम की एफसी : काल्पनिक क्लबांची पार्श्वभूमी

नकाशा पुढ्यात घ्यायचा, सांगली, मिरज, कराड, बार्शी, इचलकरंजी अशी गावं निवडायची आणि प्रत्येकाला एकेक फुटबॉल क्लब बहाल करायचा. नाव, लोगो, घरच्या सामन्याची जर्सी, बाहेरच्या सामन्याची जर्सी. या कागदी उद्योगाची मुळं मैदानात कमी आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर जास्त सापडतात. खरी नावं वापरायचा परवाना नसल्यामुळे ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’ या व्हिडिओ गेममध्ये लिव्हरपूल या इंग्लिश क्लबला ‘मर्सीसाइड रेड’ म्हणावं लागे. ते डोळ्यांत खुपायचं, म्हणून पोरं एडिट मोडमध्ये शिरून खरे लोगो ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवू लागली. एकदा तो हात बसला की आपल्या गावाचा लोगो काढून बघायला कितीसा वेळ लागतो? पुढे ‘फुटबॉल मॅनेजर’च्या २०१६च्या आवृत्तीत स्वतःचा क्लब घडवून लीगमध्ये घुसवायची सोयच आली, ‘फिफा २२’नेही तेच केलं.

शहराच्या नावाने क्लब असतो, ही कल्पना मात्र आपल्याकडे वाटते तितकी जुनी नाही. मुंबईत रोव्हर्स कप १८९१ पासून खेळला जायचा, पण इथले नावाजलेले संघ बहुतेक कंपन्यांचे: महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया. गोव्यात डेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, म्हणजे घराण्यांची नावं. २००७ मध्ये ‘पुणे एफसी’ आणि ‘मुंबई एफसी’ (एफसी म्हणजे फुटबॉल क्लब) आले तेव्हा कुठे शहराचं नाव छातीवर चढलं. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आठ फ्रँचायझी घेऊन सुरू झाली आणि ‘शहर अधिक एफसी’ हा साचा पक्का झाला. आज कुणीही काल्पनिक क्लब काढायला बसला की हात आपोआप ‘सातारा एफसी’, ‘लातूर सिटी’ असंच लिहितो, तो या साच्यामुळे.

या साच्याचं पुण्यात काय झालं ते बघण्यासारखं आहे. २०१४-१५ च्या हंगामात देशपातळीवर खेळणारे तीन क्लब पुण्यात होते, पुणे एफसी, भारत एफसी आणि सुपर लीगची फ्रँचायझी एफसी पुणे सिटी, आणि तिघांचं घर बालेवाडीचं स्टेडियमच. २०१९ मध्ये फ्रँचायझीने हैदराबादची वाट धरली, तोवर बाकीचे दोघे गाशा गुंडाळून गेलेच होते. म्हणजे तिन्ही लोगो आता काल्पनिक क्लबांच्याच रांगेत जाऊन बसलेत. फरक इतकाच, की यांची तिकिटं खरोखर विकली गेली होती.

खरा घोळ कोल्हापूरपाशी होतो. ‘एका गावाला एक क्लब’ हा नियम तिथे पहिल्याच फटक्याला मोडतो. कोल्हापूरचा फुटबॉल म्हणजे पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. सामना शाहू स्टेडियमवर, पण ईर्षा पेठेची. शहराचं नाव घेऊन ओरडायचं कुणाविरुद्ध? समोरचाही कोल्हापूरचाच.

त्यात ‘तालीम’ हा शब्दच निसरडा. मूळ अरबी अर्थ शिक्षण. मराठीत नाटकाचीही तालीम असते. पैलवानांची तालीम म्हणजे लाल मातीचा हौद, जोर-बैठका आणि कोपऱ्यातला मारुती. पुण्यातल्या तालमींभोवती गणेश मंडळं उभी राहिली. मानाच्या तिसऱ्या गणपतीच्या मंडळाचं नाव आजही गुरुजी तालीमच आहे. कोल्हापुरातल्या तालमींनी मात्र कुस्ती आणि गणपतीच्या जोडीला फुटबॉलही अंगावर घेतला. त्यामुळे तिथे ‘तालीम’ म्हणजे इमारत, पेठेतली पोरं, मंडळ आणि संघ, सगळं एकाच वेळी. पाटाकडील तालीम मंडळाला मैदानावर ‘पीटीएम’ म्हणतात. त्या तीन अक्षरांत एफसी कुठेच नाही आणि कुणाचं अडलेलंही नाही.

नकाशे रंगवताना वाद पेटतो तो इथेच. एक बाजू म्हणते, मराठी मुलखातल्या प्रत्येक काल्पनिक क्लबाला ‘एफसी’ऐवजी ‘तालीम’ लावा, अस्सल वाटेल. दुसरी म्हणते, जिथे तालमीने कधी फुटबॉल खेळलाच नाही तिथे ही उसनी परंपरा कशाला? मला दुसरी बाजू पटते. ‘लातूर तालीम’ वाचताना कुस्तीचा फडच डोळ्यांपुढे येतो, गोलपोस्ट नाही. आणि कोल्हापूरला ‘कोल्हापूर एफसी’ देणं तर त्याहून वाईट: जिवंत डझनभर संघ पुसून त्यांच्या जागी एक कागदी संघ बसवायचा.

लोगोच्या बाबतीत प्रघात सरळ आहे, किल्ला. साताऱ्याला अजिंक्यतारा, सोलापूरला भुईकोट. तिसऱ्या किल्ल्यानंतर सगळे बुरूज सारखेच दिसू लागतात. महाराजांचं चित्र टाकायचा मोह अनेकांना होतो, पण बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. सरकारी परवानगीशिवाय व्यापारी कामासाठी ते वापरता येत नाही. वहीतल्या लोगोला कोण विचारतो म्हणा, टी-शर्ट छापून विकायला काढला की प्रश्न येतो.

अक्षरांचा त्रास वेगळाच. रोमन अक्षरं गोल लोगोच्या कडेने सुटी-सुटी फिरतात. देवनागरी त्याच कमानीवर ठेवली की शिरोरेषेला दर अक्षरापाशी फट पडते. ती हाताने सांधावी लागते. ‘इचलकरंजी’ कशीबशी वळते, पण भरतकामात दोन इंचांच्या बिल्ल्यावर ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ म्हणजे निव्वळ दोऱ्याचा गोळा.

आणि अलीकडे नावंच बदलली. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. ‘धाराशिव’ लोगोत सुटसुटीत बसतं. ‘छत्रपती संभाजीनगर’ला मात्र कमान पुरत नाही. जुन्या फायली उघडून काहींनी ते दोन ओळींत मोडलं, काहींनी नुसतं ‘संभाजीनगर’ ठेवलं, आणि काहींनी नाव काढून टाकून लोगोतला शहराचा दरवाजाच तेवढा उरवला.