नळावरची रांग कुठे गेली? स्थलांतरितांच्या वस्तीवरील संगीतपट आणि प्रेक्षकांच्या तक्रारींची पार्श्वभूमी

जून २०२१ मध्ये ‘इन द हाइट्स’ हा संगीतपट अमेरिकेत प्रदर्शित झाला तेव्हा महाराष्ट्रातील चित्रपटगृहांना कुलूप होते आणि ते निघायला २२ ऑक्टोबर उजाडावा लागला. आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतील घरी तो चित्रपट लागला तो त्यानंतर, घरच्याच पडद्यावर. पुढच्या खुर्चीत नात्यातल्या एक आजी बसल्या होत्या. गिरणीत कामाला असलेल्या यजमानांबरोबर त्यांनी लालबागच्या चाळीत उमेदीची वर्षे काढली आणि १९८२ चा संप चिघळल्यावर त्या गावी परतल्या. इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषा त्यांना सारख्याच परक्या असल्या, तरी वस्ती त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखली: कोपऱ्यावरचे दुकान, वहीतली उधारी, खिडकीतून हाक मारणारी शेजारीण, साऱ्या गल्लीची मिळून एक आजी. पुढे तरणतलावातले प्रसिद्ध गाणे सुरू झाले आणि शेकडो माणसे निळ्या पाण्यात एका तालावर हात मारू लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, “सगळं बरोबर हाय, पण नळावरची रांग कुठं दिसंना.” आम्ही हसलो. नंतर या चित्रपटावर अमेरिकेत उठलेला वाद वाचत गेलो, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांची तक्रार आजींच्या तक्रारीची सख्खी बहीण असल्याचे ध्यानात आले. वस्ती आमचीच आहे, पण तिच्यातले काहीतरी वगळले आहे, आणि जे वगळले ते नेमके आम्ही आहोत, असे ते म्हणत होते.

ही तक्रार समजायची तर आधी ती वस्ती समजावी लागते. वॉशिंग्टन हाइट्स हा न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनच्या उत्तर टोकाकडचा चढणीचा भाग. तिथे आधी आयरिश कुटुंबे होती. मग हिटलरच्या जाचातून सुटून आलेले जर्मन ज्यू एवढ्या संख्येने राहू लागले की लोक त्या भागाला थट्टेने ‘हडसनकाठचे फ्रँकफर्ट’ म्हणत. १९६१ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा त्रुहियो मारला गेला आणि देशाबाहेर जाण्यावरची त्याची पकड सुटली. १९६५ मध्ये तिथे यादवी होऊन अमेरिकी फौजा उतरल्या आणि त्याच वर्षी अमेरिकेने देशवार ठरलेला जुना प्रवेशकोटा मोडीत काढला. या घडामोडींनी डॉमिनिकन लोकांचा ओघ न्यूयॉर्ककडे वळला आणि १९८० च्या दशकापर्यंत वॉशिंग्टन हाइट्स ही त्यांची सर्वांत मोठी वस्ती बनली. याच दशकात क्रॅक कोकेनचा धंदा त्या रस्त्यांवर बोकाळला, आणि पुढे कित्येक वर्षे बाहेरच्या जगाला ही वस्ती दिसली ती बहुधा पोलिसांच्या गाडीच्या दिव्यात. लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की डॉमिनिकन समाजातील फार मोठ्या वर्गाच्या रक्तात आफ्रिकी वारसा आहे. भाषेने लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतली स्पॅनिश बोलणारी, आणि वर्णाने कृष्णवर्णीय, अशी ती माणसे आहेत.

प्रेक्षकांच्या रागाचे मूळ मात्र याहून जुन्या एका संगीत नाटकात आहे. १९५७ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आलेल्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ची मूळ कल्पना १९४९ ची होती आणि तिच्यात प्युर्तो रिको या कॅरिबियन बेटाचा संबंधच नव्हता, न्यूयॉर्कच्या पूर्व भागातली एक ज्यू मुलगी आणि एक कॅथलिक मुलगा यांची ती कथा व्हायची होती. ती कल्पना बारगळली. १९५५ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या पोरांच्या टोळ्यांच्या बातम्या वाचून लेखक आर्थर लॉरेंट्स आणि संगीतकार लिओनर्ड बर्नस्टाइन यांनी ती पुन्हा हाती घेतली आणि ज्यूंच्या जागी प्युर्तो रिकोची माणसे आणली. गीते लिहिणारे स्टीफन सॉन्डहाइम यांनी तर आपण इतके गरीब कधी नव्हतो आणि प्युर्तो रिकोच्या कोणा माणसाशी आपली ओळखही नाही, असे सांगून आधी काचकूच केली होती. म्हणजे ज्या समाजाची गोष्ट जगभर गाजली, तो त्या गोष्टीत बदली खेळाडू म्हणून आला. त्याला स्थलांतरित म्हणणेही तसे काटेकोर नाही, कारण ते बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि १९१७ पासून तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत. एका गाण्यात त्या बेटाला रोगराईचे आगर ठरवणाऱ्या ओळीवर नाटकाच्या वेळीच आक्षेप घेतला गेला होता, आणि १९६१ च्या चित्रपटात ती बदलण्यात आली.

चित्रपटाला १० ऑस्कर मिळाले. त्यात प्युर्तो रिकोच्या मारियाचे काम रशियन वंशाच्या नॅटली वूड यांनी केले आणि त्यांची गाणी मार्नी निक्सन यांनी म्हटली. तिच्या भावाची भूमिका ग्रीक वंशाच्या जॉर्ज चाकिरिस यांच्याकडे होती. प्रमुख नटांत खरोखर प्युर्तो रिकोच्या असलेल्या रिटा मोरेनो यांनाही चेहऱ्यावर गडद रंग थापून घ्यावा लागला. कथेतल्या प्युर्तो रिकोच्या टोळीतल्या सगळ्यांना एकाच तपकिरी रंगात बुडवले होते, जणू त्या बेटावर माणसांचा दुसरा वर्ण असूच शकत नाही, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. आणखी एक गोष्ट मला या साऱ्याहून बोचते. चित्रपटातले काही बाह्यचित्रण ज्या रिकाम्या इमारतींमध्ये झाले, त्या पाडण्यासाठीच रिकाम्या केल्या होत्या. सॅन हुआन हिल नावाची, कृष्णवर्णीय आणि प्युर्तो रिकोच्या कुटुंबांची ती वस्ती होती. हजारो कुटुंबे हलवून तिथे लिंकन सेंटर हे कलासंकुल उभे राहिले. वस्तीचे गाणे पडद्यावर आले तेव्हा वस्ती उठली होती.

याच पडद्यावर स्वतःला शोधत वाढलेल्या पिढीत लिन-मॅन्युएल मिरांडा येतात. ते प्युर्तो रिकोच्या आईवडिलांचे चिरंजीव. त्यांचे बालपण वॉशिंग्टन हाइट्सला लागून असलेल्या इनवूड भागात गेले. आपल्यासारख्या मुलाला संगीत रंगभूमीवर सुरी घेतलेल्या टोळीवाल्याखेरीज दुसरे काम नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांनी महाविद्यालयात असतानाच, १९९९ च्या सुमारास, ‘इन द हाइट्स’चा पहिला खर्डा लिहिला. पुढे कियारा आलेग्रिया ह्यूडस यांनी संहिता नव्याने बांधली आणि मार्च २००८ मध्ये नाटक ब्रॉडवेवर गेले. त्यात सुरी नव्हती. किराणा आणि कॉफी विकणारा उस्नावी, टॅक्सीचा धंदा चालवणारा बाप, शिक्षण सोडून परतलेली हुशार मुलगी, केशकर्तनालयातल्या बायका आणि एका लॉटरीच्या तिकिटावर साऱ्या गल्लीने बांधलेली स्वप्ने, एवढाच ऐवज होता. नाटकाला सर्वोत्कृष्ट संगीतिकेसह ४ टोनी हे ब्रॉडवेचे मानाचे पुरस्कार मिळाले आणि जानेवारी २०११ पर्यंत ते चालले.

चित्रपट व्हायला मात्र १३ वर्षे गेली. पहिल्या स्टुडिओने हात झटकले, दुसऱ्या कंपनीचा मालक २०१७ मध्ये लैंगिक अत्याचारांच्या आरोपांनी बुडाला, आणि अखेर वॉर्नर ब्रदर्सने हक्क घेऊन जॉन एम. चू यांच्याकडे दिग्दर्शन सोपवले. २०१९ च्या उन्हाळ्यात त्याच गल्ल्यांत चित्रण झाले. मग करोनाने प्रदर्शन एक वर्ष पुढे ढकलले. या मुक्कामात संहितेत लहानमोठे फरक पडले. लॉटरीच्या गाण्यात गोल्फ खेळायला सोबत डोनाल्ड ट्रम्प होते, ते जाऊन टायगर वूड्स आले. उस्नावीच्या दुकानातला, नात्याने त्याचा धाकटा भाऊ लागणारा सनी कागदपत्रांविना राहणारा निघाला. हुशार मुलीची आई कथेतून काढूनच टाकली, आणि त्याबद्दल नाटकाच्या चाहत्यांनी अजूनही क्षमा केलेली नाही. मिरांडा यांनी स्वतःकडे बर्फाचा गोळा विकणाऱ्याचे छोटेसे काम ठेवले. रंकाळ्यावर गाडी लावणाऱ्याला ते लगेच आपले वाटावे.

समीक्षकांनी चित्रपट डोक्यावर घेतला, आणि चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांनी सिनेमास्कोअरच्या पाहणीत त्याला ‘ए’ श्रेणी दिली. पैसा मात्र आला नाही. सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत जेमतेम १ कोटी १५ लाख डॉलर मिळवले. त्याच दिवशी तो घरबसल्या पाहण्याची सोय होती, करोनाची भीती होती आणि पडद्यावर ओळखीचा तारा नव्हता. कारणे सापडायला फार शोधावे लागत नाही.

दुसरी प्रतिक्रिया वस्तीच्या आतून आली. ‘द रूट’ या नियतकालिकाच्या कृष्णवर्णीय-लॅटिना वार्ताहर फेलिस लिओन यांनी दिग्दर्शक आणि नटांना मुलाखतीत सरळ विचारले की डॉमिनिकन वस्तीच्या या कथेत गडद वर्णाचे लॅटिनो मुख्य भूमिकांत का नाहीत. टॅक्सीच्या धंद्यात कामाला असलेल्या बेनीचे काम करणारे कोरी हॉकिन्स कृष्णवर्णीय आहेत, पण त्यांचे पात्र लॅटिनो नाही. गडद वर्णाचे लॅटिनो चेहरे चित्रपटात दिसतात, पण ते बहुतकरून नाचणाऱ्या समूहात आणि केशकर्तनालयात. त्या भूमिकांसाठी जे सर्वांत योग्य वाटले ते घेतले, अशा आशयाचे जे उत्तर मिळाले त्याने आगीत तेल ओतले. १४ जून रोजी मिरांडा यांनी जाहीर माफी मागितली. आपण स्वतः कुठे दिसत नाही या भावनेतूनच हे लेखन सुरू केले होते, आणि आता हीच भावना दुसऱ्यांच्या वाट्याला आली, हे त्यांनी मान्य केले. लगोलग रिटा मोरेनो दूरचित्रवाणीवर त्यांची बाजू घ्यायला गेल्या, जरा दमाने घ्या अशा अर्थाचे बोलल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाही माफी मागावी लागली. साठ वर्षांपूर्वी जिच्या चेहऱ्यावर रंग थापला, तिनेच रंगाची तक्रार करणाऱ्यांना थांबा म्हणावे, यातला विपर्यास अनेकांना जिव्हारी लागला.

माझ्या मते तक्रार रास्त होती, पण तिचे ओझे एका चित्रपटाच्या मानाने फार होते. तेरा वर्षे अडून मग एकदाच दार उघडले की बाहेर ताटकळलेले सगळे एकदम आत शिरू पाहतात, आणि चेंगराचेंगरीत दारच मोडते. त्या उन्हाळ्यात लॅटिनो जीवनावरचे मोठ्या खर्चाचे पाच-सहा चित्रपट असते, तर एकातल्या उणिवेवर एवढे कोणी बोलले नसते. शिवाय तक्रार करणारे ज्यांना हा चित्रपट परका वाटला ते नव्हते. ज्यांनी वर्षानुवर्षे त्याची वाट पाहिली तेच होते.

कोल्हापूरकराला हे समजायला अमेरिकेत जावे लागत नाही. गाणी असलेली कथा आम्हाला खटकत नाही. केशवराव भोसल्यांच्या गावात ती खटकणार तरी कशी. पण मालिकांमधला कोल्हापुरी माणूस पाहून, तो मिशीला पीळ देत तांबड्या-पांढऱ्यावर आडवा हात मारण्यापलीकडे काही करतो की नाही, असा प्रश्न इथल्या घराघरांत पडतो. आणि वर्णाचे म्हणाल, तर एके काळी याच गावात धडाक्याने बनलेल्या तमाशापटांत फडावरची नायिका बहुधा गोरीपान असे; उन्हातान्हात गावोगाव नाचून रापलेल्या बाया मागच्या ओळीत टाळ्या वाजवत. तेव्हा त्यावर कोणी माफी मागितली नाही, कारण विचारणारे कोणी नव्हते. मुंबईला गेलेल्यांना आपला आवाज मिळाला तो पडद्याआधी शाहिरीतून. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या लावणीत घाटावरून मुंबईत गेलेला गडी पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोलला, आणि ती ऐकणारा श्रोता गिरणीच्या पाळीवरून थेट सभेला आलेला असे.

२०२१ च्याच डिसेंबरमध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ‘वेस्ट साइड स्टोरी’ नव्याने आणली. वाद टाळण्याची खबरदारी त्यांनी आधीच घेतली होती: प्युर्तो रिकोच्या टोळीतील नट लॅटिनो वंशाचेच निवडले, चित्रपटाची सुरुवात पाडकामाच्या ढिगाऱ्यांवरून केली, आणि स्पॅनिश संवादांखाली इंग्रजी भाषांतर दिले नाही, कारण तसे केल्याने इंग्रजीचा वरचढपणा कायम राहील असे त्यांचे म्हणणे होते. तरीही मारियाचे काम करणाऱ्या रेचल झेग्लर यांची आई कोलंबियन वंशाची आहे, प्युर्तो रिकोची नाही, हा आक्षेप आलाच; आणि ही गोष्ट तिसऱ्यांदा सांगण्यापेक्षा त्या लोकांना त्यांची नवी गोष्ट का सांगू देत नाही, असे विचारणारेही होते. तो प्रश्न मला अधिक नेमका वाटतो. अनिताच्या ज्या भूमिकेसाठी मोरेनो यांना १९६२ मध्ये ऑस्कर मिळाले होते, तिच्यासाठीच २०२२ मध्ये ते एरियाना डिबोस यांना मिळाले. त्यांचे वडील प्युर्तो रिकोचे, आणि त्या स्वतःला कृष्णवर्णीय-लॅटिना म्हणवतात.

आमच्या वेशीबाहेरही अशी एक वस्ती आहे. सोव्हिएत सत्तेने सायबेरियात हद्दपार केलेले पोलंडचे सुमारे ५,००० लोक, त्यातही बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनाघर होते. ते गेल्यावर त्याच बराकींमध्ये फाळणीने उठवलेली सिंधी कुटुंबे आली आणि त्या जागेचे गांधीनगर झाले. कोल्हापूर आज तिथे लग्नाचा बस्ता बांधायला जाते. दुकानदार गिऱ्हाइकाशी आमच्याच वळणाचे मराठी बोलतो आणि गल्ल्यावरच्या मुलाला सिंधीत हाक मारतो.

योगायोग असा की ‘इन द हाइट्स’मधली गल्लीची आजी, क्लॉडिया, क्यूबाहून आईचा हात धरून न्यूयॉर्कच्या थंडीत उतरते तेही वर्ष १९४३ च आहे. भुयारी रेल्वेच्या डब्यातून चालत ती ते सारे गाते: आईने केलेली घरकामे, न कळणारी भाषा, धीर आणि श्रद्धा. ते गाणे सुरू झाल्यावर आमच्या आजी काही बोलल्या नाहीत. चित्रपट संपल्यावर सगळे जेवायला उठले, तेव्हा त्यांनी तेवढे गाणे परत लावायला सांगितले आणि ताट तिथेच मागवले.