ब्रूस लीचा मेंदू कशामुळे सुजला?

२० जुलै जवळ आला की ब्रूस लीच्या मृत्यूचे मेसेज फिरायला लागतात. विषप्रयोग झाला, घराण्याला शाप होता, कुणा गुरूनं अंगावर असा हात ठेवला की मरण काही दिवसांनी आलं. अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे: 'जास्त पाणी प्यायल्यानं ब्रूस ली गेला.' सोलापूरकरानं हे वाचून करायचं काय? एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर गेला की इथं घरोघरी 'पाणी पी, पाणी पी' हाच धोशा असतो.

शापाचं आणि जादूच्या स्पर्शाचं लगेच निकालात काढू. असल्या गोष्टींनी मेंदू सुजत नाही. पाण्याच्या मेसेजमागचं शरीरशास्त्र मात्र अस्सल आहे.

ब्रूस लीचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोत, २७ नोव्हेंबर १९४० चा. वाढला हाँगकाँगमध्ये, विंग चुन ही कुंग-फूची शैली शिकला इप मान यांच्याकडे, पुढं अमेरिकेत जाऊन स्वतःची 'जीत कुन दो' पद्धत उभी केली. मोठ्या पडद्यावर नायक म्हणून त्याला दोनच वर्षं मिळाली. 'एंटर द ड्रॅगन' झळकला तेव्हा तो हयात नव्हता. तरी आपल्याकडच्या कराटे क्लासमध्ये, जिमच्या भिंतीवर आजही तोच दिसतो, आणि आठ-दहा वर्षांची पोरं त्याच्याच आवाजात ओरडून लाथ मारतात.

१० मे १९७३ रोजी डबिंगच्या खोलीत तो कोसळला. आवाज येऊ नये म्हणून तिथलं वातानुकूलन बंद ठेवलं होतं. झटके आले, मेंदूला सूज होती. मॅनिटॉल हे सूज उतरवणारं औषध देऊन डॉक्टरांनी त्याला वाचवलं. २० जुलैला डोकं दुखतंय म्हणून त्यानं एक वेदनाशामक गोळी घेतली, आडवा झाला आणि उठलाच नाही. वय ३२. शवविच्छेदनात मेंदूचं वजन १५७५ ग्रॅम भरलं. सर्वसाधारण मेंदू १४०० ग्रॅमच्या आसपास असतो.

हे वरचं वजन मुख्यतः पाण्याचं. ते आत शिरतं कसं, हे शाळेत शिकलेल्या परासरणानं समजतं. मनुका पाण्यात टाकली की फुगते, कारण पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जातं. रक्तात सोडियमचं प्रमाण लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असतं. ते झपाट्यानं खाली आलं की रक्त पेशींपेक्षा पातळ होतं आणि पाणी पेशींत घुसतं. हातापायाच्या पेशी फुगल्या तर त्यांना पसरायला जागा असते. मेंदूभोवती कवटी आहे. दाब वाढत जातो, मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाच्या छिद्रात दाबला जातो आणि श्वास चालवणारं केंद्र बंद पडतं.

पण निरोगी मूत्रपिंडं जास्तीचं पाणी फेकून देतात ना? देतात, पण त्यालाही मर्यादा आहे आणि मला सर्वात भावतं ते हे गणित. मूत्रपिंडं निव्वळ पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. लघवी कितीही पातळ झाली तरी लिटरमागे साधारण ५० मिलिऑस्मोल (कण मोजायचं एकक) इतके विरघळलेले कण तिच्यात जातातच. हे कण येतात कुठून? जेवणातल्या मिठातून, आणि प्रथिनं पचल्यावर तयार होणाऱ्या युरियातून. ज्वारीची भाकरी, आमटी आणि शेंगाचटणी असं पोटभर जेवणाऱ्याकडे दिवसाकाठी ६०० मिलिऑस्मोल धरू. ६०० भागिले ५०, म्हणजे तो १२ लिटर पाणी बाहेर टाकू शकतो. जो नुसत्या फळांच्या रसावर आहे त्याच्याकडे कण २०० च असले, तर ४ लिटरलाच दार बंद! मूत्रपिंडं धडधाकट असूनही. त्यात दुखणं, मळमळ, दीर्घ व्यायाम किंवा काही औषधं यांमुळे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढलं, की लघवी पातळ होणंच थांबतं आणि ही मर्यादा आणखी खाली घसरते.

२०२२ मध्ये स्पेनमधल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी 'क्लिनिकल किडनी जर्नल'मध्ये नेमकं हेच मांडलं. ब्रूस लीच्या आहारात गाजर-सफरचंदाचे रस भरपूर होते, तो गांजा घ्यायचा आणि गांजानं तहान वाढते, शिवाय औषधंही चालू होती. शक्यता पटण्यासारखी आहे, पण लेखकांनी स्वतःच तिला गृहीतक म्हटलं आहे. मॅनिटॉलनं सूज उतरली हा पुरावा मानता येत नाही, कारण सूज कशामुळेही आलेली असो, मॅनिटॉल मेंदूतलं पाणी ओढून घेतंच. तेव्हाच्या चौकशीत गोळीतल्या घटकाचं वावडं हे कारण धरलं गेलं, तर काहींचा भर उष्माघातावर आहे. 'पाण्यानंच गेला' असं ठासून लिहिणारे वाचकाला फसवतात.

मात्र यंत्रणा खरी आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन घटण्याऐवजी वाढलं होतं, त्यांना धोका सर्वाधिक होता.

सोलापूरच्या उन्हात यंत्रमागावर आठ तास उभं राहणाऱ्यानं हे वाचून पाणी कमी करू नये. त्याला उष्माघाताचा धोका कितीतरी मोठा आहे. तहानेप्रमाणे प्यावं, वेळेवर नीट जेवावं. घाम फार गेला तर ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवावी. फसवणूक आहे ती 'डिटॉक्स'च्या नावाखाली जेवण सोडून दिवसभर रस आणि पाणी प्यायला लावणाऱ्यांची. ते विष काढत नाहीत, मूत्रपिंडांना लागणारे कण काढून घेतात.

खूप पाणी प्यायल्यावर डोकं ठणकणं, उलट्या, बरळणं सुरू झालं तर आणखी पाणी पाजू नका, रुग्णालय गाठा. सोडियमची तपासणी नेहमीची आहे. गंभीर रुग्णाला ३ टक्के मिठाचं सलाईन मोजून देतात, आणि दिवसभरात सोडियममधली वाढ लिटरला ८ ते १० मिलिमोलच्या वर जाऊ देत नाहीत. सूज एक-दोन दिवस जुनी असेल तर मेंदूच्या पेशींनी बचावासाठी आपले कण आधीच बाहेर टाकलेले असतात. अशा वेळी रक्त घाईनं दाट केलं, तर त्या आकसतात आणि मज्जातंतूंवरचं आवरण गळून पडतं.