गव्हाच्या बिअरमधलं न घातलेलं केळं
‘जर्मन गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास येतो, म्हणजे त्यात केळं नाहीतर इसेन्स घालतात,’ असं बरेचदा ऐकू येतं. वास खराच येतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण जर्मनीतल्या बव्हेरियाच्या पारंपरिक हेफेवाइझेनमध्ये, म्हणजे याच गव्हाच्या बिअरमध्ये, गहू-जवाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), पाणी आणि यीस्ट एवढंच असतं. पिकल्या केळ्यात असतं तेच आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं वासाचं द्रव्य या बिअरचं यीस्ट आंबवताना तयार करतं. लवंगेची झाकही यीस्टचीच करामत.

पडताळायचंय? घरी बिअर करणाऱ्याने गहू-जवाच्या माल्टचा उकळून गार केलेला एकच काढा दोन बरण्यांत घ्यावा. एकीत हेफेवाइझेनचं यीस्ट, दुसरीत साधं एल (बिअरचा एक प्रकार) यीस्ट. एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी झडप) लावून (घट्ट झाकण नको, बरणी फुटेल!) दोन्ही 20 अंशांवर शेजारी ठेवाव्यात. दोनेक आठवड्यांनी हुंगून बघा. केळं पहिल्याच बरणीत ठळक जाणवेल. गहू मात्र दोन्हीकडे तोच.