मांजराचा आहार

मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. मराठवाड्यात मात्र मांजराचे खाणे म्हणजे दूधभाकरीचा काला, असाच समज आहे. ज्वारीची शिळी भाकरी कुस्करायची, वर दूध ओतायचे. मांजर दूध चाटून घेते. भाकरीचा चुरा ताटलीत राहतो आणि तो कोंबड्या वेचतात. तरीही ही मांजरे धडधाकट असत, कारण त्यांचे खरे जेवण कणगीमागे होई. ज्वारी-तुरीच्या पोत्यांना उंदीर लागत आणि मांजर पाळायचे तेच मुळी त्यासाठी. उंदरात मांस, काळीज, हाडांतले कॅल्शियम आणि वजनाच्या सुमारे दोन-तृतीयांश पाणी, असे सगळेच येते. लातूर-नांदेडच्या फ्लॅटमध्ये उंदीर गेला आणि काला तेवढा उरला.

टॉरिन हे द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, ते मांसातूनच मिळावे लागते. ते कमी पडले की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू दुबळे होऊन हृदय फुगते. हृदयाशी असलेला हा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधनातून पुढे आला. गाजर-भोपळ्यातील कॅरोटीनपासून ‘अ’ जीवनसत्त्वही मांजराला बनवता येत नाही. गोड चव तर त्याला कळतच नाही. पेढा चाटते ते खव्यासाठी. दूध आवडते खरे, पण मोठ्या मांजराला बहुधा ते पचत नाही, हगवण लागते.

घरी देण्यास बिनमिठाचे, हाडे काढलेले उकडलेले चिकन चांगले. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून चिकन उकडल्याचे पाणीही त्यातच घालावे. रोज नुसते चिकनच दिले तर कॅल्शियम कमी पडते. काळीज अधूनमधून, थोडेसेच. नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातले, मासे शिजवून, काटे काढून द्यावेत. कार्प कुळातील अनेक कच्च्या माशांत ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, ते शिजवल्याने जाते. कुत्र्याचे तयार खाद्य मांजराला पुरत नाही.

खरी गफलत रश्शात होते. मटणाचा तुकडा पाण्याखाली धुऊन मांजरापुढे टाकण्याची पद्धत घरोघरी आहे. धुऊन तिखट जाते, कांदा-लसूण मात्र तुकड्यात मुरलेला असतो. त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. कांदा शिजवलेला असो की वाळवलेला, फरक पडत नाही. चॉकलेट आणि मनुकेही टाळावेत. औषध खाऊन मेलेला उंदीर मांजरालाही मारू शकतो. ताप वाटतो म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देणे तर जीवघेणेच. एक गोळीही पुरते.

मांजराला तहान मुळात कमी. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम दहा टक्के असते, त्यामुळे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेला की ओले खाणे आणि घरात दोन-तीन ठिकाणी पाण्याची भांडी लागतात. पुन्हा पुन्हा बसूनही लघवी न होणारा बोका त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावा लागतो.