मायक्रोसॉफ्ट खटल्याची पार्श्वभूमी : प्रत्येक मशीनमागे पैसे

मायक्रोसॉफ्टवरचा खटला म्हटलं की नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरची झुंज आठवते. पण अमेरिकी सरकारने या कंपनीची चौकशी सुरू केली १९९० मध्ये, ब्राउझर हा शब्दही लोकांच्या कानावर पडला नव्हता तेव्हा. भांडणाचं मूळ होतं संगणक कंपन्यांशी केलेल्या करारांत.

हे करार 'प्रति प्रोसेसर' असत. ठरलेल्या प्रकारचा प्रोसेसर बसवलेली जेवढी मशीन कंपनी विकेल, तेवढ्यांचे पैसे मायक्रोसॉफ्टला द्यायचे; त्यात मायक्रोसॉफ्टचं एमएस-डॉस, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम), घातलेलं असो वा नसो. म्हणजे एखाद्याने डिजिटल रिसर्च या प्रतिस्पर्धी कंपनीचं डीआर-डॉस घालायचं ठरवलं, तर त्याला एका मशीनमागे दोघांचे पैसे मोजावे लागत. कोण मोजेल? डीआर-डॉस ५ बरंच सरस मानलं जात होतं, पण या हिशेबापुढे ते काय टिकणार! तेव्हा विंडोज डॉसच्या आधाराने चाले. त्यात १९९१ च्या अखेरीस विंडोज ३.१ ची चाचणी आवृत्ती डीआर-डॉसवर चालवली की एक गूढ 'एरर' दिसू लागली. ती मुद्दाम पेरलेली तपासणी होती, हे पुढे उघड झालं.

१९९३ मध्ये चौकशी करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाच्या सदस्यांत २-२ अशी फूट पडली आणि प्रकरण न्याय खात्याकडे गेलं. जुलै १९९४ मध्ये तडजोड होऊन प्रति प्रोसेसर करार बंद झाले. न्यायाधीश स्पोर्किन यांना ती फारच मिळमिळीत वाटली, त्यांनी नाकारली. अपील कोर्टाने त्यांचा निर्णय फिरवला. शेवटी मंजुरी मिळाली ऑगस्ट १९९५ मध्ये, म्हणजे विंडोज ९५ बाजारात आलं त्याच महिन्यात. वरातीमागून घोडं ते हेच.

तेच विंडोज ९५ आपल्या मशीनमध्ये घालून विकण्याच्या परवान्यासाठी आयबीएमला अक्षरशः ताटकळत ठेवलं गेलं. स्वतःची ओएस/२ प्रणाली रेटणाऱ्या या कंपनीच्या हाती परवाना पडला तो २४ ऑगस्टच्या उद्घाटन सोहळ्याच्या १५ मिनिटं आधी.

मे १९९८ मध्ये न्याय खातं आणि २० राज्यांनी बेकायदा मक्तेदारीचा मोठा खटला भरला. न्यायाधीश जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ च्या निष्कर्षांत पर्यायी प्रणालींची कोंडी नेमकी पकडली: विंडोजसाठी ७०,००० च्या वर प्रोग्रॅम, तर ओएस/२ ऐन भरात असतानाही सुमारे २,५००. गिऱ्हाईक नाही म्हणून प्रोग्रॅम नाहीत, प्रोग्रॅम नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही. जून २००० मध्ये त्यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. जून २००१ मध्ये अपील कोर्टाने तो रद्द केला, पण मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा ठपका कायम ठेवला.

मला या साऱ्यात सगळ्यांत बोलकी वाटते ती 'बी' कंपनीच्या बीओएस या प्रणालीची गत. ॲपलमधून बाहेर पडलेले झाँ-लुई गासे यांची ही प्रणाली संगणक कंपन्यांना फुकट द्यायचीही तयारी होती. जपानच्या हिताचीने काही मशीनच्या डिस्कवर ती भरलीही. पण मशीन चालू केल्यावर कोणती प्रणाली हवी असं विचारणारा पडदा कुठेच नाही! सरळ विंडोज सुरू होई. बीओएस हवी असेल तर सूचना वाचून फ्लॉपीवरून खटाटोप करायचा. मायक्रोसॉफ्टच्या परवान्यातल्या अटीमुळे हे झालं, असं बी कंपनीचं म्हणणं.

नोव्हेंबर २००२ मध्ये मंजूर झालेल्या अंतिम निकालात संगणक कंपन्यांना नेमकी हीच मुभा मिळाली: मशीन सुरू होताना दुसऱ्या प्रणालीचा पर्याय देण्याची. तोवर बीचा गाशा गुंडाळला गेला होता. २००१ मध्ये हातात मावणारे छोटे संगणक बनवणाऱ्या पाम कंपनीने तिचं तंत्रज्ञान १.१ कोटी डॉलरला घेतलं. बीने २००२ मध्ये लावलेला दावा पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने, चूक कबूल न करता, २.३ कोटी डॉलरच्या वर रक्कम देऊन मिटवला. प्रणाली विकून मिळाले त्याच्या दुपटीहून जास्त पैसे भांडून मिळाले.