जलरंग निसर्गचित्रण, स्वच्छंदतावादी

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये उदयास येऊन पुढील शतकाच्या पूर्वार्धात बहरलेला चित्रप्रवाह. स्थळाची हुबेहूब नोंद करण्यापेक्षा डोंगर, धुके, वादळ व धबधबे यांपुढे माणसाला जाणवणारे निसर्गाचे सामर्थ्य रंगवण्यावर त्याचा भर होता. विचारवंत एडमंड बर्कने १७५७ च्या प्रबंधात उदात्ताचे, म्हणजे अफाटतेपुढे दडपून टाकणाऱ्या भव्यतेच्या अनुभवाचे, मूळ भयात शोधले. या प्रवाहाची वैचारिक बैठक बहुधा तेथेच मानली जाते.

इंग्रजी जलरंगाचे जनकत्व रूढीने पॉल सँडबीकडे (१७३१–१८०९) जाते. स्वच्छंदतावादी वळणापुरता विचार केल्यास मात्र जॉन रॉबर्ट कझन्स (१७५२–९७) याचे श्रेय अधिक ठरते. १७७६ व १७८२ मध्ये सुरू झालेल्या दोन प्रवासांतील त्याच्या आल्प्स व इटलीच्या चित्रांत राखी-निळ्या रंगाचे मोजके थरच दरीची खोली दाखवतात. १७९४ मध्ये त्याला वेड लागले व डॉ. टॉमस मन्रो याने त्याच्यावर उपचार केले.

याच मन्रोच्या लंडनमधील घरी जे. एम. डब्ल्यू. टर्नर व टॉमस गर्टिन हे तरुण चित्रकार (दोघांचा जन्म १७७५) कझन्सच्या रेखनांच्या नकला करीत. चित्रकार जोसेफ फॅरिंग्टनच्या रोजनिशीतील नोव्हेंबर १७९८ च्या नोंदीनुसार हे काम तीन वर्षे, संध्याकाळी सहा ते दहा चाले. गर्टिन बाह्यरेषा काढी, टर्नर त्यांवर रंग चढवी आणि टर्नरला रात्रीचे साडेतीन शिलिंग मिळत. गर्टिनचा मोबदला नोंदीत नाही. ही माहिती खुद्द दोघांनीच दिलेली असल्याने ती डावलता येत नाही; तरी ही विभागणी सर्व चित्रांना सरसकट लावावी काय, याबद्दल मतभेद आहेत. १८३३ च्या लिलावात ही चित्रे टर्नरच्या नावे विकली गेली व त्यांतील बरीच टर्नरनेच घेतली. ती संयुक्त मानण्याकडे आज कल असून तेच सयुक्तिक वाटते.

तंत्राच्या दृष्टीने कागद निर्णायक ठरला. व्हॉटमन गिरणीच्या कागदावर साच्याच्या तारांच्या रेषा उमटत नसत. सरसाच्या लेपामुळे त्यावरील ओला रंग पुसता, टिपता व खरवडता येई. डिंकात घोटलेल्या रंगाच्या तयार वड्या रीव्ह्ज बंधूंनी १७८० च्या सुमारास आणल्या. पारदर्शक जलरंगात उजेड वरून लावायचा नसतो, कागदाचा पांढरेपणा राखायचा असतो. गर्टिनच्या ‘व्हाइट हाउस’मध्ये (१८००) टेम्सकाठचे घर व त्याचे पाण्यातील प्रतिबिंब म्हणजे कोरा कागदच आहे, भोवतालच्या विस्तीर्ण संधिप्रकाशात नजर तेथेच खिळते. टर्नरच्या ‘ब्लू रिगी’त (१८४२) पहाटतारा रंग खरवडून काढला आहे. त्या इवल्या ठिपक्यामुळे मागचा पर्वत अधिकच अफाट वाटतो.

जलरंगकारांची स्वतंत्र संस्था १८०४ मध्ये स्थापन झाली. जॉन सेल कॉटमन या चित्रकाराचे सपाट, शांत रंगक्षेत्रांचे चित्रण याच काळातले.

महाराष्ट्राशी संबंध अप्रत्यक्ष आहे. टॉमस व विल्यम डॅनिएल हे इंग्रज चित्रकार १७९३ मध्ये मुंबईस आले होते. वेरूळवरील त्यांचा चित्रसंच (१८०३) चित्रकार जेम्स वेल्सच्या रेखनांवर आधारित आहे. मात्र त्यांची दृष्टी उदात्तापेक्षा रमणीयाकडे, म्हणजे चित्रासारख्या नयनरम्य दृश्याकडे, झुकलेली दिसते.

नीळ हा या चित्रकारांचा नेहमीचा रंग, पण प्रकाशात टिकण्यास कच्चा. रसेल व ॲबनी या शास्त्रज्ञांच्या १८८८ च्या अहवालाने रंग विटण्याची ही क्रिया प्रयोगाने दाखवली. अनेक आकाशांतील निळाई उडून मिसळलेला तांबूस रंगच मागे राहिला आहे. त्यामुळे मूळ दुपार आज संध्याकाळ भासू शकते. केवळ रंगछटेवरून चित्रातील वेळ ठरवू नये.