पॅरिश कौन्सिल चर्चची नव्हे, गावाची

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चची हद्द. त्यामुळे इंग्लंडमधली पॅरिश कौन्सिल म्हणजे चर्चची समिती, हा समज जुना आणि चुकीचा आहे. 1894 च्या कायद्याने गावकारभार चर्चपासून वेगळा काढून निवडून आलेल्या कौन्सिलकडे दिला. विवाहित स्त्रियांनाही तेव्हाच मत देता आले, उभे राहता आले. ही लहान गोष्ट नव्हे! आज तिथे कायदेशीर राहणारा भारतीय नागरिकही मतदार यादीत नाव घालून मत देऊ शकतो. जरूर द्यावे.

बसथांबा, खेळाचे मैदान, दफनभूमी ही पॅरिश कौन्सिलची कामे. भाजीपाला पिकवायला जमिनीचे तुकडे हवेत? सहा मतदारांनी लेखी मागणी केली की तिला विचार करावाच लागतो. रस्त्यातले खड्डे मात्र वरच्या (काउंटी वा जिल्हा) कौन्सिलकडे. बांधकाम परवानगीही वरच्याच पातळीवर. त्यावर पॅरिश कौन्सिल फक्त आपला अभिप्राय कळवते.